जांभूळमाळला कसं जायचं

आमच्या बिल्डिंगखाली झेरॉक्सचं दुकान आहे. वर्षभर तो माणूस माशा मारत बसतो, आणि उन्हं तापून परीक्षा तोंडावर आल्या की त्याच्याकडे जत्रा भरते. मशीनची घरघर फरशीतून वर येते. अनवाणी उभी राहिले तर तळपायाला कळते. जिन्यात गरम कागदाचा वास. पायऱ्यांवर पोरं बसलेली, कुणी पानं लावतंय, कुणी "युनिट तीन कुठं हाय रं?" म्हणून बोंबलतंय. मी भाजीची पिशवी घेऊन चढायला लागले की सगळी एका बाजूला सरकतात. "काकू, जावा." मी जाते. दुसरं काय करणार?

दरवर्षी असंच होतं आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. त्या पायरीवर बसायचा माझाही हक्क आहे, असं ओरडून सांगावंसं वाटतं. अरे, मीही टीवायला होते. तुम्ही ज्याची झेरॉक्स काढताय त्या पुस्तकातलं एक प्रकरण मी लिहिलंय. पण असं बोलायला गेले तर पोरं म्हणतील, काकूंना ऊन लागलं. म्हणून मी दार लावून घेते, पंखा सुरू करते, आणि खालची घरघर ऐकत भाजी निवडते.

माझं लग्न झालं तेव्हा बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं, ते राहिलंच. संसार झाला, मुलगी झाली, सासूबाईंचं आजारपण काढलं, मग नवरा गेला. मुलगी नोकरीला बेंगळुरूला गेली आणि जाताना जुना लॅपटॉप आणि एक सल्ला मागे ठेवून गेली. "आई, नुसती बसू नको, काहीतरी कर." पोरींना वाटतं, आई नुसती बसते. तरी म्हटलं, चला. जुनी मार्कलिस्ट शोधली, कॉलेजात खेटे घातले, आणि राहिलेलं वर्ष पुन्हा धरलं. विषय भूगोल, कारण जुन्या मार्कलिस्टवर भूगोल होता. त्यात आवडनिवड काही नव्हती.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर सगळी पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, नवीन मॅडम आल्या. मी जाऊन बाकावर बसले तेव्हा जो हशा पिकला तो अजून कानात आहे. वाईट हसू नव्हतं ते, पण त्यानंतर माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. मी आले की बोलणी थांबायची. शिवी तोंडात आलेली पोरं ती गिळून टाकायची. "काकू, तुम्ही बसा, फॉर्म मी भरून देतो." सगळे अगदी चांगलं वागत होते. इतकं चांगलं वागतात ना लोक, की माणसाला पाहुण्यासारखं वाटायला लागतं. पाहुणी म्हणून कुणी वर्षभर कॉलेजला जातं का?

त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला होता. 'वस्ती भूगोल' नावाचा पेपर नवीन आलेला, आणि मराठीत त्याचं पुस्तकच बाजारात नव्हतं. इंग्रजीतलं एक लायब्ररीत होतं, ते कुणीतरी नेलेलं ते नेलेलंच. शिकवायला मृणाल मॅडम. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, तोही कधी मिळेल ते देवाला ठाऊक. माझ्या मुलीहून थोड्या मोठ्या असतील. दिवाळीची सुट्टी संपवून पोरं आली ती पुस्तक नाही म्हणून कुरकुरतच आली. मॅडमनी खडू ठेवला आणि म्हणाल्या, "पुस्तक नाही म्हणून रडत बसायचं, का लिहायचं?"

मागनं संग्राम ओरडला, "मॅडम, आम्ही वाचतच न्हाय, लिहिणार कुठलं!"

"वाचत नाही म्हणूनच लिहायचं. लिहिताना झक मारत वाचावं लागतं."

मॅडम 'झक मारत' म्हणाल्या म्हणून वर्ग खूश झाला, आणि ठरून गेलं. मॅडमनी कॉलेजच्या खात्यावर एक कोरी फाईल उघडली, तिची लिंक सगळ्यांना पाठवली. जो तो आपापल्या मोबाइलवरून, लॅपटॉपवरून त्याच एका पानावर लिहिणार. कोण कुठे लिहितंय ते सगळ्यांना दिसणार. प्रत्येकाची एक रंगीत उभी रेघ, आणि त्या रेघेच्या डोक्यावर नाव.

ते नाव. त्याबद्दल मला सांगायचंय.

संध्याकाळची वेळ होती. उदबत्ती लावून मी लॅपटॉपसमोर बसले आणि एका बोटाने टाईप केलं, "वस्ती म्हणजे". आणि थांबले. वस्ती म्हणजे काय, हे मला माहीत होतं असं मला वाटत होतं, पण लिहायला गेलं तर काही सुचेना. तेवढ्यात एक हिरवी रेघ सरकत आली आणि माझ्या शब्दांशेजारी उभी राहिली. वर नाव, संग्राम. कडेला बोलायची जागा असते, तिथे त्याने लिहिलं, "शैलजा, पुढं काय?"

मी दचकलेच. शैलजा! आई गेल्यापासून मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. नवरा 'अगं' म्हणायचा. शेजारी 'पूजाची आई' म्हणतात, दूधवाला 'वहिनी', आणि अख्खं कॉलेज 'काकू'. त्या पोराने काही विचार करून लिहिलं नसणार. रेघेवर शैलजा लिहिलेलं होतं, म्हणून तो शैलजा म्हणाला. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच "काकू, जरा सरका की" म्हणत होता. पण संध्याकाळी पुन्हा शैलजा. "शैलजा, ही ओळ लांब झाली." "शैलजा, तुझं बरोबर हाय, माझं खोड." हो, तुझं! तिथे मी कुणाची कोणी नव्हते. एक जांभळी रेघ होते, कधी तांबडी, आणि बाकीच्या रेघांबरोबर पानावर हुंदडत होते.

छापील पुस्तकात लिहिणाऱ्याची धांदल दिसत नाही. तिथे सगळं धुऊन, इस्त्री करून येतं. आमच्या पानावर माणूस अडलेला दिसायचा. एक शब्द उमटायचा, पुसला जायचा, दुसरा यायचा, तोही जायचा, मग रेघ नुसतीच लुकलुकत राहायची. कागलच्या निलोफरची रेघ अशी फार वेळ थांबायची आणि मग एका दमात अख्खा परिच्छेद. संग्राम कोडोलीच्या एसटीत उभ्याने लिहायचा. गाडी खड्ड्यात गेली की शब्दात भलतंच अक्षर घुसायचं, आणि मला इकडे मंगळवार पेठेत कळायचं की खड्डा आला. त्या दिवसांत मी संध्याकाळी टीव्ही लावला नाही.

भांडण लागलं ते उदाहरणावरून. प्रत्येक प्रकरणाला एक नमुन्याचं गाव हवं होतं, आणि प्रत्येकाला आपलंच हवं.

"आमच्या कोडोलीत काय कमी हाय? ऊस हाय, गुऱ्हाळ हाय, बाजार हाय," संग्राम.

"कागलला हायवे हाय. हायवे सोडून वस्ती शिकवणार व्हय?" निलोफर.

बसवराज जयसिंगपूरचा, दुकानदाराचा मुलगा, घरात अर्धं कन्नड अर्धं मराठी. सगळे त्याला बसू म्हणायचे. तो शांतपणे म्हणाला, "आमचे रस्ते आखून केलेत, सरळ. पुस्तकात घालायला तसलंच पायजे."

"ते गाव न्हवं रं, बाजारपेठ हाय!"

चार तास यातच गेले असतील. शेवटी मॅडमनी हात जोडले. "कुणाचंच नको. आपण एक गाव करू."

"करू म्हणजे?"

"म्हणजे करू. आधी पाणी ठरवा. पाण्याशिवाय गाव बसत नाही."

आणि आम्ही गाव केलं. नाव दिलं जांभूळमाळ. संग्रामने आपल्या शेताकडेचा ओढा आणला, त्याच्या काठाला गुऱ्हाळ ठेवलं. निलोफरने हायवे आणला पण लांबच ठेवला. म्हणाली, हायवे जवळ आला की गाव राहत नाही, ढाबा होतो. बसूने पेठेची सरळ गल्ली घातली आणि एका दुकानाच्या पायरीवर एक अक्का बसवली, जी उधारीवाल्यांना कन्नडात शिव्या देते. मॅडमनी शिव्या काढल्या, अक्का राहिली. मग शाळा कुठे, तालीम कुठे, वारा कुठून येतो, घरांची दारं कुठल्या दिशेला. एकाने भिंत घालावी, दुसऱ्याने तिला खिडकी पाडावी. मातीचा रंग कुठला यावर दोन दिवस हुज्जत चालली. नसलेल्या गावाची माती! पण तसं कुणाला वाटत नव्हतं. मला तर ओढ्याच्या पाण्याचा वास यायचा.

माझ्याकडे आणायला काही नव्हतं. माझा जन्म पेठेतला, माहेर दोन गल्ल्या सोडून, सासर हे. गाव म्हणून सुट्टीला जायला कुठे नव्हतंच. त्यामुळे कुणालाच नको असलेला भाग माझ्या वाट्याला आला. वस्तीचे प्रकार. दाट वस्ती, विखुरलेली वस्ती, रस्त्याकडेची लांबट वस्ती, आणि शेवटी एकल घर. एकल घर म्हणजे बाकीच्या घरांपासून सुटं, एकटं उभं असलेलं. व्याख्या लिहिली, आणि जांभूळमाळचं उदाहरण द्यायचं म्हणून खाली लिहून टाकलं, "ओढ्यापलीकडे, माळाच्या टोकाला एक घर आहे. तिथे एक बाई राहते."

मॅडमनी कडेला लिहिलं, "बाई कशाला? घराचा प्रकार लिहा, माणूस नको."

मी खोडायला गेले. अक्षरशः बोट खोडायच्या बटणावर होतं. तेवढ्यात बसूची रेघ आली. "राहू दे की मॅडम. घर हाय तर कोण तरी राहणारच."

मॅडमनी आपली टीप काढून टाकली. बाई राहिली.

प्रॅक्टिकलच्या वह्या दिल्या त्या दुपारी ती तिघं माझ्या घरी आली. बोलावणं माझंच, पण येतील असं वाटलं नव्हतं. बसूने जयसिंगपूरचं भडंग आणलं होतं, लसणाच्या वासाने जिना भरला. संग्रामने बाटलीभर काकवी आणली, गुऱ्हाळावरची, अजून कोमट. निलोफरने ड्रॉइंगशीट आणि रंगीत पेन्सिली आणल्या आणि आल्याआल्या जेवणाच्या टेबलावरचं सगळं बाजूला सारून जांभूळमाळचा नकाशा काढायला बसली. मी चहा केला. घरात एवढे आवाज कित्येक महिन्यांत झाले नव्हते; शेजारच्या वहिनी दोनदा डोकावून गेल्या, काय भानगड आहे म्हणून.

संग्रामने बोलता बोलता कप नकाशावर ठेवला. उचलला तर शाळेच्या मागे ओला तपकिरी गोल.

"आरं ए बाबा! कडेला ठेवायचा की!" निलोफर किंचाळली. "आता परत काढू व्हय सगळं?"

"कशाला? तळं हाय म्हण," संग्राम म्हणाला. "पाणी वाढलं गावचं. जाळ आन् धूर संगटच!"

निलोफरने त्याला पेन्सिल फेकून मारली, पण गोल निळा रंगवला. मग तिने माझं ओढ्यापलीकडचं घर काढलं, अगदी कागदाच्या कडेला. काढलं आणि बघत बसली. मग काही न विचारता गावातल्या शेवटच्या घरापासून त्या घरापर्यंत तुटक तुटक रेघ ओढली. ओढ्यावरून, माळावरून, थेट दारापर्यंत. नकाशात अशी तुटक रेघ म्हणजे पायवाट.

पुढच्या तासाला मॅडम नकाशा बघून म्हणाल्या, "ही पायवाट कशी पडली? पायवाट पडायला रोज कोणीतरी चालावं लागतं."

"आम्ही जातोय की मॅडम, चहाला," संग्राम म्हणाला.

वर्ग हसला. मीही हसले, आणि खाली मान घालून उगाच पेनचं टोपण काढत-लावत बसले. डोळे भरून आले होते, आणि या वयात बाकावर बसून रडले असते तर पोरांनी पाण्याची बाटली पुढे केली असती.

परीक्षेत काय व्हायचं ते झालं. आमच्यापैकी कुणालाच एक गोष्ट सुचली नव्हती, मॅडमनासुद्धा. 'तुमच्या परिसरातील एका गावाचा अभ्यास लिहा' असा प्रश्न आला आणि अख्ख्या वर्गाने जांभूळमाळ लिहिलं. कोडोलीच्याने कोडोली लिहिली नाही, कागलवालीने कागल लिहिलं नाही. सगळ्यांनी ओढा, गुऱ्हाळ, गोल तळं, अक्का, टोकाचं घर. पेपर तपासणारे सर दुसऱ्या कॉलेजचे. त्यांनी कुठूनसा नंबर मिळवून मॅडमना फोन केला.

"अहो, हे जांभूळमाळ कुठल्या तालुक्यात येतं? आणि तळं एवढं गोल कुणी बांधलं?"

मॅडम म्हणाल्या, "सर, खरं सांगू? ते गाव नाहीच."

"नाही? अहो, मी मार्क देऊन बसलोय की!"

मॅडमनी हे सांगितलं तेव्हा आम्ही गंगावेशीत दूध प्यायला उभे होतो, म्हशीची धार समोर काढून देतात तिथे. फेसाच्या मिशा लावून सगळे एवढे हसलो की म्हैस बिथरली. मालक म्हणाला, "पावणं, लांब जाऊन हसा." त्यानंतर आम्ही सगळे पुन्हा कधी एकत्र उभे राहिलो नाही. तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

संग्राम पोलीस भरतीत लागला, रत्नागिरीला असतो. निलोफर बेंगळुरूला एका कंपनीत खरेखुरे नकाशे करते; माझ्या मुलीच्या शहरात आहे, पण त्या दोघी एकमेकींना ओळखत नाहीत. बसू दुकानात बसला. मॅडमना पुढच्या वर्षी तास मिळाले नाहीत, त्या लातूरकडे गेल्या. मला पदवी मिळाली. ती कपाटात साड्यांखाली आहे. मुलीने फोनवर विचारलं, "आता पुढे काय करणार?" तिला वाटलं असेल, आई आता कामाला लागली. मी म्हटलं, बघू.

मी काय करते ते कुणाला सांगितलेलं नाही. सकाळच्या चहाबरोबर ती फाईल उघडते. लिहायला काही नसतं. नुसती जाऊन येते, जशा बायका देवळात जाऊन येतात. आमच्यानंतरच्या पोरांनी तेच पुस्तक वापरलं, लिंक या हातातून त्या हातात गेली. नाव न देता कोणी आत आलं तर वर एखाद्या प्राण्याचं चित्र दिसतं. निनावी ससा, निनावी कोल्हा. परीक्षेच्या दिवसांत आमच्या गावात नुसती जनावरं फिरतात. एखादा ससा माझ्या पानावर बराच वेळ थांबला की मीही श्वास रोखून थांबते. वाचतोय. मग तो जातो. आवडलं की नाही, समजलं की नाही, काही कळत नाही. कुणाला तरी आपण दिसत असतो आणि आपल्याला तो दिसत नाही, हे काही सुख नव्हे. पण ससाही न येण्यापेक्षा बरं. सुट्टी लागली की तोही येत नाही.

यंदा झेरॉक्सची घरघर सुरू झाली आणि त्याच आठवड्यात आमच्या वर्गाच्या जुन्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला. अभ्यासक्रम पुन्हा बदलला, ही शेवटची बॅच. कॉलेज जुनी खाती बंद करतंय, परीक्षा संपली की फाईल जाईल. ज्यांना हवी त्यांनी कॉपी करून ठेवा.

मी लगेच कॉपी केली. कसं करायचं ते मला येतं आता, एका बोटाची बाई राहिलेली नाही मी. उघडून बघितलं. अक्षर न् अक्षर आलं होतं, नकाशा आला होता. पण कडेच्या गप्पा गेल्या होत्या. मूळ फाईलमध्ये जुन्या ओळींवर गेलं की कुणी लिहिली, आधी काय होती, कुणी बदलली, सगळं दिसतं. संग्रामचा खड्ड्यात घुसलेला 'ठ'सुद्धा. कॉपीत त्यातलं काही नाही. तिथे एकच नाव. एवढं मोठं गाव, आणि सातबारा माझ्या एकटीच्या नावावर. मला भीतीच वाटली. गाव कोणी मेल्यावर वारसाला मिळावं तसं. मी ती कॉपी डिलीट करून टाकली.

मग ग्रुपवर लिहिलं. दहादा खोडून लिहिलं. "फाईल जायच्या आधी एकदा सगळे आत येऊ या. रविवारी सकाळी, चहाच्या वेळेला. काही लिहायचं नाही. नुसतं यायचं."

बसूने अंगठा पाठवला. निलोफरने लाल बदाम. संग्रामचं उत्तर संध्याकाळी आलं. "नक्की काकू."

काकू. एवढी वर्षं गेल्यावर साहजिकच आहे, त्यात रागवण्यासारखं काही नाही. तरी मी फोन उशीखाली ढकलला.

रविवारी झेरॉक्स बंद. फरशी गप्प. मी अंघोळ करून, चांगली साडी नेसून बसले. स्क्रीनसमोर बसायला चांगली साडी! कोण बघतंय? पण कुणी घरी येणार असलं की आपण नेसतोच की नाही? चहा घेतला. फाईल उघडली. पेठेच्या गल्लीतून गेले, अक्का पायरीवर होती. गुऱ्हाळ, शाळा, तळं. ओढ्यापलीकडे येऊन थांबले. माझी रेघ लुकलुकत होती. दुसरी कुठलीच नव्हती.

रस्त्यावर पेपरवाला ओरडून गेला. खालच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या झाल्या. चहाचा कप गार झाला, त्यावर साय धरली. ग्रुपवर बसूचा मेसेज आला, दुकानात गर्दी आहे, नंतर येतो. संग्रामला बंदोबस्त लागला असेल. निलोफरची रविवारची झोप असेल. मी प्रत्येकासाठी कारण शोधत होते, आणि सगळी कारणं खरीच असणार. पण मला इतकं एकटं वाटलं की लॅपटॉप मिटावा आणि पुन्हा कधी उघडू नये असं झालं. मुलीला फोन लावावा असंही वाटलं. तिला काय सांगणार? की मी नसलेल्या गावात बसले आहे आणि कोणी आलं नाही?

झाकण मिटायला हात लावला तर वर एक प्राणी आला. निनावी खार.

खार सरळ माझ्या पानावर आली. थांबली. मग कडेला अक्षरं उमटायला लागली.

"शैलजा, तू पण टीवायला हाईस काय? आम्ही तिघी मैत्रिणी हाय. एक विचारायचं होतं."

मुलगी सोडली तर मला तू म्हणून कुणी बोलून किती दिवस झाले होते! मी लिहिलं, "विचार की."

"एकल घर म्हणजे एकटं घर न्हवं? मग त्याला पायवाट कशी? पायवाट हाय म्हणजे लोक जातात. मग ते एकटं कसं?"

मृणाल मॅडमचा प्रश्न एवढ्या वर्षांनी फिरून माझ्यापाशी आला होता. आता उत्तर द्यायला संग्राम नव्हता. मी लिहिलं, "पायवाट पूर्वी पडलेली असते. नंतर कोणी गेलं नाही तरी नकाशात राहते." वाचलं, आणि खोडलं. परीक्षेला बसणाऱ्या पोरीला असलं कशाला सांगायचं? तिने खोडताना बघितलं असणार. नव्याने लिहिलं, "घर लांब आहे म्हणून एकल. पायवाट असली तरी चालते. मार्क मिळतात."

"बरं. आणि जांभूळमाळला कसं जायचं? एसटी रंकाळा स्टँडवरनं हाय का सीबीएसवरनं? आम्हाला प्रोजेक्टला तिथंच जायचं हाय. नकाशावर शोधलं तर सापडंना."

मी हसले. एकटीच, मोठ्याने. जांभूळमाळला कसं यायचं, असं मला कुणी विचारत होतं.

"ते गाव खरं नाही गं," मी लिहिलं. "आम्ही बसून केलंय. ओढा कोडोलीचा, गल्ली जयसिंगपूरची."

तिकडे तिघींची खुसपुस चालली असणार. मग, "म्हणजे ते गोल तळं पण न्हाय?"

"ते चहाच्या कपाचं आहे. कप आहे अजून माझ्याकडे."

"अगं बाई! आणि ते ओढ्यापलीकडचं घर? त्यातली बाई?"

माझी रेघ लुकलुकत राहिली. खूप वेळ. तिकडून तिघींना ती दिसत असणार, अडलेली. मग मी एका दमात लिहून टाकलं. "घर आहे. मंगळवार पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसरा मजला. तिथे यायला एसटी लागत नाही. प्रोजेक्टला खरं गाव घ्या, कुठलं घ्यायचं ते बसून ठरवू. चहा मी करते."

खार हलेना. मला वाटलं, घाबरल्या पोरी. कोण कुठली बाई, पत्ता काय देते, चहा काय पाजते. मिटावं आता.

मग एकेक अक्षर उमटलं.

"मग पायवाट तरी खरी हाय म्हण की."

"व्हय," मी लिहिलं. "या."